शिंपल्याची सहा बटणं

चर्चच्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. त्याची किल्ली शिवणमावशींच्या गळ्यात, चष्म्याच्या दोरीलाच अडकवलेली असे. मंडळीतल्या घराघरांतून जुने कपडे यायचे. ते धुऊन, दुरुस्त करून गरजेच्या घरी पोचवायचं काम मावशींकडे वीस वर्षं होतं. त्याआधी त्यांनी शाळेचे गणवेश शिवून दोन मुलं वाढवली होती. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. पण त्यांनी टेबलावर कापड अंथरलं की पाळकसुद्धा विचारल्याशिवाय खोलीत पाऊल टाकत नसत.

मावशींचा एक नियम होता. आलेला कपडा आला तसा बाहेर जायचा नाही. कॉलर बदलायची, बटणं बदलायची, जमलं तर खिसा उसवून दुसरीकडे लावायचा. याला त्या ‘ओळख काढणं’ म्हणत. कारण साधं होतं. देणारे आणि घेणारे रविवारी एकाच छपराखाली, कधी एकाच बाकावर बसायचे. आपल्या अंगावरचा कपडा शेजारीण ओळखते आहे हे कळलं, की माणसाचं प्रार्थनेत कसलं लक्ष लागतंय!

हा नियम मावशींनी एकदाच मोडला. डॉक्टरीणबाईंनी मुलीचा निळा लोकरी कोट दिला, त्या वेळी. मावशींनी तो उलटा करून पाहिला. अस्तराची शिवण, हाताने केलेली काजं, शिंपल्याची सहा बटणं. ‘असा हात आता कुणाचा राहिलाय?’ असं पुटपुटत त्यांनी दोनदा कात्री उचलली आणि दोनदा खाली ठेवली. शेवटी कोट आहे तसाच इस्त्रीवालीच्या मुलीला गेला.

इस्त्रीवाली मंडळीत नवी होती. दिवसभर लाँड्रीत उभी राहून एकटीच्या हिमतीवर मुलगी वाढवत होती. “आम्हाला नको, ज्यांना लागतं त्यांना द्या,” असं म्हणून तिनं मावशींना दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या खेपेला थंडी वाढली होती, म्हणून ती कशीबशी हो म्हणाली.

रविवारी उपासना संपली आणि दारातच डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. “अय्या, हा तर आमच्या बेबीचा कोट! ही बटणं मी स्वतः निवडली होती. बघू गं, वळ जरा. काय छान बसलाय!”

बाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना खरोखरच आनंद झाला होता. मुलगी सांगितल्यासारखी वळली, पूर्ण गोल. आईनं तिचा हात धरला आणि कुणाकडे न बघता ती पायऱ्या उतरून गेली.

पुढच्या रविवारी दोघींची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. मग कोट परत आला, कडक इस्त्री करून, कागदात गुंडाळून.

मावशी लाँड्रीत गेल्या. वाफेत उभ्या राहून म्हणाल्या, “चूक माझी आहे. बटणं बदलायची होती. माझा हात धजला नाही.”

“कपड्याचा जीव बघितलात,” इस्त्रीवाली मान वर न करता म्हणाली.

“हो. पोरीचा बघायला हवा होता,” मावशी म्हणाल्या. “मी आठ वर्षांची असताना मला एक फ्रॉक मिळाला होता. जिचा होता ती भर वर्गात म्हणाली, ‘सांभाळून घाल हं.’ तिचा आवाज अजून कानात आहे.”

“मग मावशी, तुम्हाला तर कळायलाच हवं होतं.”

मावशी परतल्या. वाटेत दोनदा चष्मा पुसला.

त्या आठवड्यात मंडळीच्या बैठकीत बेताच्या आवाजाच्या मावशी उभ्या राहिल्या. “यापुढे कपाटातून प्रत्येक घरानं काहीतरी घ्यायचं आणि रविवारी घालायचं. नुसतं देणारं कुणी राहायचं नाही. नाहीतर ही घ्या किल्ली.”

“म्हणजे मी लोकांचं जुनं घालू?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“देताना तुम्ही ‘अगदी नव्यासारखं आहे’ म्हणता ना, बाई?”

सगळे हसले. बाई लाल झाल्या, मग त्याही हसल्या. पाळक म्हणाले, “आधी मला द्या.”

पाळक ताडमाड उंच, आणि वाट्याला आलं ते बुटक्या किराणावाल्याचं जॅकेट. रविवारी आशीर्वादासाठी त्यांनी हात वर केले आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सरकल्या. मंडळी आशीर्वाद घेता घेता खुसखुसत होती. डॉक्टरीणबाई पोस्टमनच्या बायकोचा तपकिरी स्वेटर घालून अवघडून बसल्या होत्या. मावशींचं लक्ष मात्र त्या रिकाम्या जागेकडे होतं.

शनिवारी दुपारी मागच्या खोलीच्या दारात इस्त्रीवाली उभी राहिली. तिच्या हातावर पाळकांचं जॅकेट होतं.

“हे इस्त्रीला आलं होतं. बाह्या अशा कुणी सोडल्या? आत चार बोटं कापड दुमडलेलं आहे.”

“माझं लक्षच गेलं नाही,” मावशी म्हणाल्या. या वेळी ते पूर्ण खरं नव्हतं.

“पाळकांनी खरंच हे घालून आशीर्वाद दिला?”

“दिला की. आणि बाईंनी स्वेटर घातला. कोपरावर ठिगळ असलेला.”

इस्त्रीवाली खुर्ची ओढून बसली आणि बाही उसवू लागली. एक बाही मोकळी झाल्यावर ती म्हणाली, “थंडी अजून आहे. तो कोट द्या. पण आधी त्याची बटणं काढा. माझ्यासमोर.”

मावशींनी कात्री उचलली. सहाही बटणं कापून टेबलावर ठेवली, त्यांच्या जागी साधी काळी लावायला घेतली. इस्त्रीवालीनं एक बटण उचलून उजेडात फिरवून पाहिलं.

“छान आहेत हो. फुकट घालवू नका.” तिनं जॅकेट पुढे ओढलं. “याचं एक बटण तुटलंय. सगळीच बदलू.”

“अगं, बाई बघताक्षणी ओळखतील!”

“ओळखू देत,” इस्त्रीवाली सुईत दोरा ओवत म्हणाली. “रविवारी मी दारातच उभी राहते. म्हणू देत पाळकांना, वळा जरा.”