दाजींचा बंगला

मागच्या महिन्यात नदीकाठच्या संग्रहालयातून एक पाइप चोरीला गेला. तंबाखू ओढायचा, लाकडी. तिथे कोळसा वाहणारी एक जुनी बार्ज ठेवली आहे, तिच्या केबिनमध्ये प्लास्टरचा माणूस बसवला आहे, त्याच्या तोंडातला. पेपरात बातमी आली, फोटोसकट. निळी टोपी, गालांवर लाली, आणि तोंडात पाइपच्या जागी भोक.

त्या बार्जेवर खरा माणूस राहत होता. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याने जन्मात टोपी घातली नाही आणि तंबाखूच्या वासानेही त्याला ठसका लागायचा. तो गेला तेव्हा पेपरात काहीच आलं नाही. ते बरोबरच आहे, येण्यासारखं काही नव्हतं. पण पाइपची बातमी वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून बसलो आहे लिहायला. सवय नाही, तेव्हा जसं जमेल तसं.

मी त्यांना दाजी म्हणायचो, आणि माझं ऐकून सगळा धक्का दाजी म्हणू लागला. टगबोटीवाले, क्रेनवाले, कोळशाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका, सगळ्यांचे ते दाजी. "धक्काभर मेहुणे झालेत मला," ते म्हणायचे, "पण कामाचा एक निघेल तर शपथ." हे माझ्याकडे बघून. मी वरच्या कागद कारखान्यात बॉयलरवर होतो. दाजी कोळसा आणायचे, मी जाळायचो, आणि माझी राख पुन्हा दाजीच घेऊन जायचे.

हे जरा नीट सांगतो, कारण पुढे लागणार आहे. नदीच्या तोंडाशी बंदर होतं. तिथे जहाजांतला कोळसा बार्जांत उतरायचा, आणि टगबोट बार्जा एकीमागे एक बांधून त्या ओढत वर कारखान्यापर्यंत आणायची. बार्जेला इंजिन नसायचं. मागे सुकाणू, सुकाणूलगत राहायला एक बुटकी केबिन, बाकी सगळी माल भरायची पोकळी. कोळसा उतरला की त्याच पोकळीत कारखान्याची राख भरायची. ती खालच्या दलदलीत भराव घालायला जायची. म्हणजे वर येताना बार्ज भरलेली आणि खाली जातानाही भरलेली. त्या पट्ट्यात रिकामी बार्ज कुणी पाहिलेलीच नव्हती. बार्जा रिकाम्या व्हायच्या त्या खाली, दलदलीपाशी, आणि तिथून बंदरापर्यंत डोक्यावर फक्त आभाळ.

कारखान्याच्या अलीकडे एक दगडी पूल होता. कमान अगदी खाली. पुलाखालून जाताना बार्जेवरच्या एकाने तरी कमानीच्या मधल्या दगडाला तळहात लावायचा, असा रिवाज होता. का, ते कुणाला सांगता यायचं नाही. पण चुकला तर पुढे टगबोटीवाला मागे वळून आईबापाचा उद्धार करायचा. इतक्यांचे हात लागून तो दगड काळा आणि गुळगुळीत झाला होता.

ताई लग्न होऊन बार्जेवर आली तेव्हा तिला केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नसे. ती उंच होती, आमच्याकडे सगळेच उंच. सहा महिने काढले तिने, मग एक दिवस माझ्यादेखत म्हणाली, "अहो, लग्नात तुमच्या सगळ्या नातेवाइकांसमोर मिळून वाकले नाही, एवढी मी या छपराखाली वाकते आहे. आता एक तर छप्पर वर न्या, नाहीतर मला माहेरी न्या."

"माहेर लांब पडतं," दाजी म्हणाले, आणि पुढच्या खेपेला जुन्या फळ्या आणि पत्रा आणून त्यांनी छप्पर वर चढवलं. चांगलं हातभर. ताई आत जाऊन सरळ उभी राहिली, डोक्यावर हात फिरवून बघितला आणि बाहेर आली. त्या दिवशी तिने मलाही जेवायला थांबवलं.

धक्क्यावर मात्र त्यांची पिसं काढली. "दाजींनी बंगला बांधला हो!" टगबोटीवाला ओरडायचा, "अजून एक मजला चढवा, मी भाड्याने येतो." तेव्हापासून ती बार्ज म्हणजे बंगला. भरलेली असली की बंगला पुलाखालून आरामात जायचा. माझी भाची छपरावर मांडी घालून बसायची आणि बसल्या बसल्या हात वर करून दगडाला लावायची. दाजी खालून विचारायचे, "लागला का गं?" ती म्हणायची, "लागला, बाबा." मगच ते समोर बघायचे.

ताई त्याच केबिनमध्ये गेली. छातीत कफ झाला होता. डॉक्टर धक्क्यावर येऊन थांबला होता आणि टगबोट धुक्यात नांगर टाकून बसली होती. त्यावर दाजी कधी बोलले नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

पुढे कारखान्यापर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि बार्जांचं काम संपलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत कारखानाही बंद पडला, तेव्हा ज्यांनी रेल्वेला हार घातले होते तेच दारात घोषणा देत बसले. मीही होतो त्यांच्यात. बार्जा एकेक करून गॅसने कापल्या आणि भंगारात विकल्या. दाजींची राहिली, कारण दाजी तिच्यातून उतरलेच नाहीत. पुलाच्या खालच्या अंगाला, ओस पडलेल्या धक्क्याला ती बांधून ते तिथेच राहिले. भाची लग्न होऊन शहरात तिसऱ्या मजल्यावर राहत होती. ती दर महिन्याला येऊन तेच म्हणायची, "बाबा, आमच्याकडे चला. एक खोली रिकामी आहे."

"तुझ्या घरात काही म्हणजे काही हलत नाही," दाजी म्हणायचे. "माणसाला झोप लागावी कशी?"

मग बंद कारखान्यात संग्रहालय करायचं ठरलं. त्यांच्याकडून एक तरुण साहेब आला. चांगला मुलगा होता, खोटं कशाला बोलू. बूट काढून केबिनमध्ये आला. म्हणाला, बार्ज आम्हाला हवी आहे, कारखान्याच्या जुन्या धक्क्याला कायमची बांधू, आणि तुम्ही हिच्यावरच राहा, राखणदार म्हणून. येणाऱ्यांना चार गोष्टी सांगा.

दाजींना बार्जेवर मरायचं होतं, त्यांना दुसरं काही नकोच होतं. ते लगेच हो म्हणाले. पण त्या साहेबाच्या वर एक समिती होती. समितीचं म्हणणं पडलं की म्हातारा थकला आहे, उद्या नदीत पडला तर कोण निस्तरणार? सुकाणूलाही एखादा तरुण माणूस द्या. दाजींना ते झोंबलं. त्यांनी निरोप धाडला: बार्ज मी स्वतः पुलाखालून धक्क्याला लावून दाखवतो. लावली तर मी राहणार. नाही लावली तर तुम्ही सांगाल ते. समितीने मान्य केलं.

निघायच्या आदल्या दिवशी साहेब टेप घेऊन आला. "दाजी, पुलाची उंची एकदा मोजून घेऊ या का?"

"साहेब, तुम्ही रोज घरी जाता, दाराची उंची मोजून आत शिरता का?"

सगळे हसले. जुने क्रेनवाले होते, टगबोटीवाला होता, मी होतो. टगबोटीवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून दाजी या पुलाखालून जातायत." साहेबाने ओशाळून टेप खिशात घातली. आज वाटतं, बाहेरचा कुणीही असता तर त्याने मोजलं असतं. नदीवर जन्म काढलेली आम्ही इतकी माणसं तिथे उभी होतो, म्हणूनच मोजलं नाही. आणि दाजींना मोजता येणारच नव्हतं. मोजलं असतं तर समितीला म्हणायला झालं असतं, बघा, यालाच खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी पुलावर ही गर्दी. कागदी झेंडे, बँड, पेपरवाले. बार्जेची पोकळी धुऊन काढली होती आणि तळाशी खुर्च्या मांडून पाहुणे बसवले होते. मी पुढच्या बाजूला. भाची छपरावर बसली होती, लहानपणी बसायची तशी. फोटोवाल्यांनीच तिला सांगितलं होतं. तिचेही केस आता पिकू लागले होते. ती हसत होती. दाजी सुकाणू धरून उभे, दाढी केलेली, धुतलेला सदरा. "लागला की सांग गं," ते वर बघून म्हणाले.

पूल जवळ आला तसा तिने हात वर केला. मग हात खाली घेतला. मग ती ओरडली, "बाबा, पूल खाली आलाय!"

पूल जिथल्या तिथे होता. बार्ज वर आली होती. पोटात ना कोळसा ना राख, पुरुषभर उंच तरंगत होती ती. गेली कित्येक वर्षं ती तशीच तरंगत धक्क्याला उभी होती, आणि रोज बघून आमच्या डोळ्यांना तीच तिची उंची वाटायला लागली होती.

टगबोटीने ओढलेली बार्ज जागच्या जागी थांबत नाही. दाजींनी एका हाताने मुलीचा पाय धरून तिला खाली खेचलं आणि दोघं सुकाणूपाशी आडवे झाले. मग तो आवाज. पत्रा आधी दुमडला, मग फळ्या. ताईचा आरसा, चुलीचं धुराडं, गादी, सगळं कमानीला घासत मागे गेलं आणि पाण्यात पडलं. वर पुलावरचे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच काहीतरी आहे. बँडही वाजतच होता, त्यांना कुणी थांबा म्हणून सांगितलंच नाही.

पुलापलीकडे आलो तेव्हा केबिन नव्हती. दाजी उठले, कपाळावर रक्त होतं, ते बाहीने पुसलं आणि सुकाणू धरलं. बार्ज त्यांनी धक्क्याला लावली, इतकी अलगद की पाहुण्यांच्या खुर्च्याही हलल्या नाहीत. दोर बांधला. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "रिकामी होती रे."

 समिती चांगलंच वागली, चहा पाजला, कपाळाला पट्टी लावली. राखणदारीचा विषय निघाला नाही, आणि दाजींनी काढला नाही. त्या संध्याकाळी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. पिशवीही लागली नाही, न्यायला होतं काय?

तिथे त्यांना चाकं असलेला पलंग दिला होता. त्या चाकांखालचे लाकडी ठोकळे त्यांनी काढून टाकले, म्हणजे कूस बदलली की पलंग जरासा सरकायचा. भाची ठोकळे परत लावायची, ते परत काढायचे. जावई म्हणाला, "राहू दे, बाबांची बोट आहे ती." चांगल्या मनानेच म्हणाला तो. दाजींनी त्या दिवसापासून ठोकळ्यांना हात लावला नाही.

एकदाच मी त्यांना संग्रहालयात घेऊन गेलो. त्यांनीच विचारलं होतं, कशी दिसते म्हणून. बार्जेला छान रंग दिला होता. जुन्या नकाशावरून सुताराकडून नवी केबिन करून घेतली होती, अस्सल, म्हणजे दाजींनी छप्पर चढवण्याआधीची, बुटकी. ती बार्ज आता पुलाखालून कधीच जाणार नव्हती. आत तो प्लास्टरचा माणूस, तेव्हा पाइप शाबूत होता.

दाजी कमरेत वाकून आत शिरले आणि आडव्या लावलेल्या दोरीपाशी थांबले. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. मग तिथल्या रखवालदाराला म्हणाले, "ह्याची बायको उभी कुठे राहते?"

"कुणाची बायको?"

"ह्याची."

रखवालदार माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दाजींनी हात वर केला आणि तळवा छपराला टेकवला.

"आजोबा," रखवालदार म्हणाला, "हात लावू नका. ताजा रंग आहे."