व्हर्नाची अकरावी जागा

मस्कीगनच्या बोलिंग हॉलमध्ये मागच्या टेबलाला दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही बारा जण जमतो. तळलेले पर्च मासे, बिअरचा जग आणि एकमेकांची इज्जत काढणं. निमित्त बेसबॉलचं. मार्चमध्ये प्रत्येकानं खऱ्या खेळाडूंतून आपला कागदी संघ निवडायचा, मग ते गडी खऱ्या मैदानात जे काय दिवे लावतील त्याचे गुण आपल्या पदरात. तीस वर्षं झाली या खुळाला. नियम एकच कडक. सलग दोन वर्षं तळाला राहील तो बाहेर, आणि त्याची खुर्ची रांगेत उभा असलेल्या पुढच्याला.

हार्म हुक्स्ट्रा आमच्यातला पहिल्यापासूनचा. तो गेला जानेवारीत. मार्चमध्ये खेळाडू निवडायला बसलो, तर त्याच्या खुर्चीवर त्याची बायको व्हर्ना येऊन बसलेली. बांधा ठेंगणा, पंजे मात्र सुताराचे. मोडून जुळलेल्या हातांना पुन्हा कामाला लावायचं, ही तिची इस्पितळातली नोकरी. एकतीस वर्षं तिनं लोकांकडून ओले टॉवेल पिळून घेतलेत.

पहिल्या वर्षी ती तळाला गेली. दुसऱ्या वर्षी जुलैत अर्धा हंगाम सरला, तरी तळालाच.

त्या मंगळवारी गॉर्डीनं तक्ता वाचला. गॉर्डी प्लास्मन आमचा म्होरक्या. आवाज असा की तळ्यापलीकडच्या बोटीतला माणूस वळून बघेल. पण तक्ता संपवून तो हळूच म्हणाला, "व्हर्ना, आम्ही सगळे बोललोय. नियमाचं एवढं काही नाही. तुझ्या बाबतीत आपण..."

व्हर्नानं ग्लास आपटला.

"मान सरळ कर, गॉर्डी."

"काय?"

"तिरकी झालीय. मान सरळ कर आणि मग बोल. तळाला राहिले तर हाकला मला. दया-बिया दाखवलीस तर तुझ्या ग्लासात लोणच्याचं पाणी ओतीन."

सगळे हसले, पण मला त्यातली ग्यानबाची मेख ठाऊक होती. वसंतात एकदा गाडीपाशी उभी असताना ती मला म्हणाली होती, "लायल, चर्चमध्ये, दुकानात, कामावर, जो भेटेल तो मान तिरकी करून विचारतो, 'कशी आहेस गं?' जशी काय मी पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू. इथं तुम्ही मेले मला शिव्या घालता. आठवड्यातला तेवढा एकच तास मला माणसात आल्यासारखं वाटतं." खुर्ची गेली, तर तो तास गेला. आणि दयेनं राहिली, तरी गेलाच.

त्याच सकाळी मी एक शहाणपणा केला होता. माझ्या संघातला ओस्वाल्दो किरोस हाकलला. डावखुरा बॅटर, पंचवीस वर्षांचा. एप्रिलमध्ये त्याच्या उजव्या तळहातातलं, करंगळीखालचं आकड्यासारखं हाड मोडलं. बॅटची मूठ नेमकी तिथंच रुतते. तुकडा काढून टाकला, मेअखेर गडी मैदानात परतला, पण त्यानंतर एक होमरन नाही, चेंडू कुंपणापार गेलाच नाही. दीड महिना मी नुसता बोटं मोडत बसलेलो.

सोडलेल्या खेळाडूवर पहिला हक्क तळाच्या माणसाचा. व्हर्नानं पर्चचा काटा बाजूला काढला आणि म्हणाली, "किरोस मला."

"घे घे," मी म्हणालो. "मेलेली म्हैस मणभर दूध देते म्हणतात."

"तुझ्याकडं होता तेव्हा तू काय बघत होतास, लायल?"

"आकडे. दुसरं काय बघायचं?"

"मी टीव्हीवर त्याची बाटली बघत होते. जूनमध्ये तो बाकावर बसला की पाण्याची बाटली काखेत धरायचा आणि डाव्या हातानं झाकण फिरवायचा. परवा उजव्या हातानं फिरवलं. गप्पा मारता मारता. त्याचं त्याला कळलंसुद्धा नाही." तिनं स्वतःची मूठ आवळून सोडली. "साडेतीन महिने लागतात. हात आधी बरा होतो. माणसाला ते उशिरा कळतं."

"बाटल्या बघून संघ चालवते म्हातारी!" गॉर्डी ओरडला, मान एकदम सरळ.

पण तिचा संघ भरलेला. किरोसला घ्यायचं तर एकाला सोडायचं, आणि सगळ्यात निकामी होता कर्ट रॅडिगन. डेट्रॉइटचा, म्हणजे आमच्या राज्याच्या संघातला. आमच्याकडची ही जुनी खोड, डेट्रॉइटचा गडी गुडघ्यात वाकेना झाला तरी आम्ही त्याला धरून ठेवतो. हार्मनं रॅडिगनला नऊ वर्षं सांभाळलेला.

व्हर्ना कागदाकडं बघत राहिली. टेबलावर कुणी मासासुद्धा मोडेना.

"हार्म म्हणायचा, याचं पुढच्या महिन्यात चालेल बघ," ती म्हणाली. "नऊ वर्षं म्हणत होता. येडा." आणि तिनं नावावर रेघ मारली.

पुढचे दहा दिवस किरोसनं काही केलं नाही, आणि मी तिला रोज फोन करून बाटलीची खबर विचारली. अकराव्या दिवशी त्यानं चेंडू प्रेक्षकांत धाडला. ऑगस्टमध्ये नऊ वेळा. अशाच नजरेनं तिनं अंगठा दुखावलेला आणखी एक बॅटर उचलला, तोही पेटला. ती वर सरकत होती आणि खाली कोण येत होतं, ते मला आरशात दिसत होतं.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी सगळे सामने दुपारी तीनलाच सुरू होतात. आम्ही बाराही जण हॉलमध्ये. सहा वाजता माझ्यात आणि तिच्यात दोन गुणांचं अंतर, आणि ती खाली. एकच सामना उरलेला, त्यात किरोस शेवटचा बॅटिंगला. व्हर्ना पडद्याकडं बघेना. दोन्ही हातांनी टेबलावरचा फडका पिळत बसलेली. चेंडू प्रेक्षकांत गेला, तो आम्ही ओरडलो तेव्हा तिला कळलं.

तिनं फडका खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला आणि सावकाश सोडला, अंगावरून धान्याचं पोतं उतरवावं तसा.

"अकरावी," गॉर्डी गरजला. "बारा जणांत अकरावी! लाज वाटत असेल तर पुढच्या वर्षी येऊ नकोस, व्हर्ना!"

"येणार," ती म्हणाली. "ए, आणखी एक प्लेट पर्च. गॉर्डीच्या नावावर."

तळाला मी. तीस वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या वर्षीही तिथंच राहिलो, तर खुर्ची माझी जाणार. मी मुकाट्यानं टोपी शोधायला लागलो. तेवढ्यात व्हर्ना वळली, माझ्या मनगटावर तो सुतारी पंजा ठेवला, मान खांद्यापर्यंत तिरकी केली आणि मऊ, ओल्या आवाजात विचारलं,

"कसा आहेस रे, लायल?"