मडमेचा झगा

जगातला कुठलाही कपडा शिवून पुरा झाला आहे, यावर आमच्या आत्याचा विश्वास नाही. तो अंगावर चढला की तिच्या लेखी खरं काम सुरू होतं. मानवतच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या शेरवानीची बाही तिला लांब दिसली. पदराला टोचलेली सुई काढून ती थेट बोहल्याशी गेली आणि म्हणाली, "हात हलवू नका जावईबापू, चारच टाके हायेत." जावईबापूंनी हलवला नाही. भटजींनी एक मंगलाष्टक जास्तीचं म्हटलं.

पण तिचा जीव अडकला तो मडमेच्या झग्यात. राणीसावरगावच्या शाळेत निजामाच्या काळावरचं नाटक बसलं, त्यात रेसिडेंट साहेबाची मडम होती. मुलींना तेव्हा घरून नाटकात काम करू देत नसत, म्हणून मडम मी. हा खुलासा मी बायकोलाही आजच करतो आहे. रजईचं गुलाबी साटीन, मच्छरदाणीची झालर आणि आजोबांचा जुना फेटा यांतून आत्यानं तो झगा हातानं शिवला. मशीन तिला उतावळं वाटतं. टेपही चालत नाही. "टेप दुकानदाराची, वीत आपली," म्हणत ती विती लावते, आणि तेवढा वेळ समोरच्याला श्वास सोडू देत नाही. पुढं त्याच झग्याची परी झाली, राजकन्या झाली, एका गॅदरिंगला तर उसवून शाही शामियाना केला. सुलतान उंच निघाला म्हणून शामियान्याची मुडप, म्हणजे खालची दुमडून शिवलेली कड, सोडावी लागली. दर वेळी आत्याचं एकच म्हणणं, "अजून लय कापड हाय यात."

यंदा परभणीच्या कॉलेजात माझ्या लेकीला राणीचं काम मिळालं. आत्या आता आमच्याकडेच असते. मोतीबिंदू काढूनही नजर अधूच राहिली. बोटांनी चाचपत चाचपत तिनं झगा पुन्हा उभा केला. मग सुयांची डबी माझ्या बायकोपुढं ठेवली. "घे माय. हे शेवटचं. डोळे न्हाई म्हनायलेत."

दुसऱ्या दिवसापासून आत्या दुपारची झोपू लागली. उजेड असताना तिचे डोळे मिटलेले मी कधी पाहिले नव्हते. ताटातली भाकरीही अर्धी राहू लागली.

गॅदरिंगला तिला पहिल्या रांगेत बसवलं. लेक स्टेजवर आली. आत्याला तिथं नुसतं गुलाबी धुकं दिसत असावं. तिनं माझा दंड धरला.

"आरं, घेर सारखा पडायलाय का?"

"डावीकडं लोंबायलाय," मी म्हणालो.

"किती?"

"दोन बोटं."

"कुनी घातली ही मुडप?"

"तूच की."

राणीचं भाषण संपून टाळ्या पडेपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही. मग म्हणाली, "घरी गेलं की डबी काढ. असं सोडून कसं मरावं मानसानं."

आता खरं सांगतो. घेर दोन्हीकडून सारखा होता. डोळे धड असतानाही इतकी सरळ मुडप तिनं घातली नव्हती. आज सकाळपासून ती खिडकीशी बसून तीच मुडप उसवते आहे, एकेक टाका नखानं शोधत. इतकं चांगलं काम माझ्या एका शब्दावर मोडतंय, हे बघवत नाही, आणि उठून जाववतही नाही. मी सुया ओवून देतो. सकाळी तिनं भाकरी पुरी खाल्ली. मधेच ती घेरावर बोट ठेवून विचारते, "इथंच लोंबायलाय ना?"

बोट जिथं असेल तिथं मी हो म्हणतो.