पारख्याचे हात

कारखान्यात त्याला सगळे पारखी म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कानावर पडायचं. छोट्या इंजिनाची, दगडधोंड्यांतून चालवायची हलकी मोटरसायकल हा कारखाना बनवायचा, आणि पारख्याने चालवून बघितल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे. मागच्या आवारात दगड, ओंडके आणि चिखल मुद्दाम पसरून ठेवले होते. त्यांवरून तो गाडी हाणायचा, तीही उघड्या हातांनी. हातमोजे घालायचे नाहीत, हा थोरल्या मालकांचा नियम.

थोरले मालक स्वतः शर्यतींतले. बाकीचे धिप्पाड गाड्या आणायचे आणि हे आपली काटकुळी घेऊन यायचे. लोक हसायचे. मग नदीच्या पात्रात धिप्पाड गाडी आडवी झाली की उचलायला चार माणसं शोधावी लागायची, तोवर हे आपली उचलून पार पुढे. पडलेली गाडी एकट्याने उचलता आली पाहिजे, एवढ्या एका हट्टावर त्यांनी कारखाना काढला. आणि हँडल सैल आहे का, इंजिनाची थरथर ठीक आहे का, हे तळहाताला कळतं, हातमोजा खोटं बोलतो, असं ते म्हणायचे. ते गेले, पण नियम काही गेला नाही.

आता ती थरथर जन्मभर हातांत मुरवल्यावर दुसरं काय होणार? आधी थंडीत बोटं पांढरी पडायला लागली. मग मुंग्या. मग मुंग्याही थांबल्या, तेव्हा पारख्याला वाटलं, चला, सुटलो. सुटतोय कसला डोंबल! सदऱ्याची बटणं लागेनात. बायको मुकाट्याने लावून द्यायची, पण तिने डॉक्टरचं नाव काढलं की हा घर डोक्यावर घ्यायचा. कारखान्यात मात्र चकार शब्द नाही. हात गेले म्हटल्यावर पारख्याला विचारतो कोण? आवारात चक्कर मारायची, कानांना ऐकू येईल तेवढं ऐकायचं, आणि मान डोलवून गाडी पास करायची, असं चाललं होतं.

त्याची मुलगी त्याच कारखान्यात जोडणीवर होती. बापासारखीच गाडीवेडी आणि त्याच्याहून हट्टी. तिलाही त्याने हातांचं काही कळू दिलं नव्हतं. थोरल्या मालकांची लेक आता कारभार बघायची. त्या बाईंनी एक दिवस सगळ्यांसमोर जाहीर केलं, की पारखी आता थकले, त्यांच्या जागी उद्यापासून त्यांची मुलगी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी, मुलगी यायच्या आत, बायकोने हे ऐकलं आणि जेवता जेवता उठली.

"तुमचे गेले ते गेले," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरीचे हात मी जाऊ देणार नाही."

सकाळी मुलगी आवारात हजर. हेल्मेट घातलं, बाह्या सारल्या, गाडीवर बसली. हात उघडेच. पारख्याने हातमोजे पुढे धरले, तर तिला हसू आलं. बाबा, तुम्ही कधी घातलेत का, म्हणाली. मुलगी म्हणून मला सवलत नको. त्याने समजावलं, मग तो चिडला, मग दमला. शेवटी डोळे मिटून त्याने हात पुढे केला.

"कुठलंही बोट दाब. कुठलं ते मी सांगतो."

तिला थट्टा वाटली. तिने त्याचा अंगठा चांगला जोरात दाबला. तो वाट बघत उभा राहिला.

"दाब ना," तो म्हणाला.

तिचा चेहरा खर्रकन उतरला. गाडीवरून उतरून तिने दुसरं बोट दाबलं, तिसरं दाबलं, नखाने दाबलं. तो आपला तसाच डोळे मिटून उभा, बिचारा. पण जोडणीवरची मुलगी ती. रडू फुटायच्या आत तिच्या डोक्यात भलतंच आलं.

"बाबा, मग इतके दिवस गाड्या कोणी तपासल्या?"

हा प्रश्न येणार, हे त्याला ठाऊक होतं. याच्याच भीतीने तर त्याने तोंड शिवून घेतलं होतं. फाटकाशी एक ट्रक भरून उभा होता, आणि त्याच्या आधी असे कितीतरी निघून गेले होते. त्याने मान डोलवून सोडलेलं एखादं सैल हँडल आत्ता कुठल्या तरी उतारावर, कुणाच्या तरी लेकराच्या हातात असेल.

"कोणीच नाही," तो म्हणाला.

तिने हाक मारून ट्रक थांबवला. मग बापाचा हात धरला आणि त्याला घेऊन बाईंच्या खोलीकडे निघाली. तो तिच्या मागोमाग चालत राहिला. दाराशी पोचल्यावर त्याने सहज खाली बघितलं. पोरीची नखं त्याच्या तळव्यात रुतली होती. तिने किती घट्ट धरलंय, ते त्याला तेव्हा कळलं.