पहिला घड मातीचा

केळीच्या निर्यातीसाठी राज्य सरकारने एका परदेशाशी सहकार्याचा करार केला, तेव्हा मी नांदेडच्या कृषी कार्यालयाला लिहिले की, जो करार शेतकऱ्याला बांधतो तो त्याच्या भाषेत मिळालाच पाहिजे. बऱ्याच स्मरणपत्रांनंतर मराठी प्रत आली. अर्धापूरची माझ्या पुतण्याची बाग या कराराखाली निवडली गेली होती. तोडणीच्या दिवशी ती प्रत घेऊनच मी बागेत गेलो.

त्या देशाच्या तपासणी अधिकारी बाई आणि आपला कृषी अधिकारी बांधावर उभे होते. त्यांच्यादेखत वहिनींनी, म्हणजे पुतण्याच्या आईने, पहिला घड जमिनीवर टेकवला आणि त्याला हळदकुंकू वाहिले. आमच्याकडे त्याशिवाय तोडणी सुरू होत नाही. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

अधिकारी म्हणाला, "घड जमिनीला लागला, बाग बाद. असले प्रकार बंद करा म्हणून सांगितलं होतं ना?"

पुतण्याचा चेहरा उतरला. "आई, आजच्या दिवस तरी ऐकायचं व्हतं."

"हाव. माती काय परदेशाला जाऊन राहिली का? तिला हितंच द्यावं लागतंय."

'असले प्रकार' या शब्दांनी माझे डोके भडकले. मी प्रत अधिकाऱ्यापुढे धरली. "साहेब, कलम वाचा. मनाई आहे ती निर्यातीसाठी तोडलेल्या घडाला. हा घड घरी पिकेल आणि आम्ही खाऊ. बाईंना हे जसेच्या तसे सांगा."

"काका, तुम्ही वकील होता का?"

"नाही. मला वाचता येते."

त्याने नाइलाजाने बाईंना समजावले. त्यांनी त्याच्यामार्फत वहिनींना विचारले, हा घड बाकीच्या मालात मिसळणार नाही ना?

"मातीला दिलेलं कुणी विकतंय का, बाई?"

उत्तर ऐकून बाई किंचित हसल्या. तो घड बागेबाहेर नेऊन ठेवायला लावून त्यांनी तोडणीला परवानगी दिली. पुढचा प्रत्येक घड गादी बांधलेल्या खांद्यावरून गेला, जमिनीला एकही लागला नाही. संध्याकाळी भरलेली गाडी रस्त्याला लागली, तेव्हा पुतण्या ती वळणाआड जाईपर्यंत उभा होता.

अधिकाऱ्याच्या त्या शब्दांवर आक्षेपाचे पत्र मी मनात रचून ठेवले होते. त्याऐवजी विनंतीचे लिहिले. पहिला घड मातीचा असतो आणि तो निर्यातीत धरला जात नाही, एवढे एक वाक्य मराठी प्रतीत घालावे. उत्तर अजून आलेले नाही. यावेळी मी स्मरणपत्राची घाई केलेली नाही.