फोटो चांगला आलाय

अर्धा निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून एकदा मी साताऱ्याहून आटपाडीला एक्स-रे वाचायला जातो. तिकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. परवा एका म्हाताऱ्याच्या छातीचा फोटो पडद्यावर उघडला. मशीन नवं, त्यामुळे फासळी न् फासळी स्वच्छ दिसत होती आणि उजव्या फुप्फुसातली गाठही.

दारातून त्याच्या बायकोनं विचारलं, "आवं डाक्टर, फोटो चांगला आलाय न्हवं?"

"चांगला आलाय," मी सवयीनं म्हणालो.

"बगा, उगंच भ्याला हुता," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग आता तंबाखू दे की," तो हसला.

मी दोघांना आत बसवून गाठीचं सांगितलं. सांगताना मला काहीच वाटलं नाही.

"मग चांगला का म्हनला?" तिनं विचारलं.

मी फोटोबद्दल बोलत होतो, एवढंच मला सांगता आलं.