थांबलेला वाडगा

फूड कोर्ट मला आवडत नाही. ज्याचा नंबर लागेल त्याने उठायचं, आणायचं आणि एकट्याने गिळायचं. पंगत म्हणून बसतच नाही.

त्या दुपारी जागा नव्हती, म्हणून आई आणि मी एका अनोळखी मुलासमोर बसलो. त्याच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं, पुढ्यात जपानी नूडल्सचा वाफाळता वाडगा. तिथलं स्वस्त आणि पोटभरीचं तेवढंच. आमचा करी-भात यायचा होता. त्याने हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

"खा रे, गार होईल," आई म्हणाली.

"तुमचं येऊ दे, काकू. रोज एकटाच जेवतो."

पंगत बसायला बहुधा कुणी एक जण थांबला तरी पुरतं.

आमचा नंबर लागला तोवर त्याच्या नूडल्स सगळा रस्सा पिऊन फुगल्या होत्या. आईने पहिला घास घेतला, मगच त्याने काड्या उचलल्या.